शुभदाच्या गावचा बंधारा

खडवलीला उतरून टमटमने अर्धा तास आत गेलं की शुभदाची शाळा लागते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तशी तिने ताकीद दिली आहे. नदीवर सहलीला येणाऱ्यांना एकदा नाव कळलं की ते गाड्या घेऊन आतपर्यंत येतात आणि रिकाम्या बाटल्या ठेवून जातात. नोव्हेंबरच्या अखेरीला, तुळशीची लग्नं उरकल्यावर, मी तिथे चार दिवस राहून आले. शाळेतल्या मुलांचं शेतकी मंडळ पाहायला गेलेले. काय पाहिलं ते सांगतेच, पण कुठल्या मनाने पाहिलं ते आधी सांगायला हवं. मी शुभदावर जळत होते.

तीस वर्षांपूर्वी कल्याणला आम्ही दोघींनी एकत्र बी.एड. केलं. मी डोंबिवलीची, म्हणजे डोंबिवली शहर व्हायच्या आधी जी गावं होती त्यांतल्या एका गावची. खाडीच्या बाजूला आमची भातशेती होती. शुभदा ठाण्याची. तिचे वडील वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होते आणि त्यांच्या चाळीतल्या खोलीत तुळशीच्या कुंडीपलीकडे माती नव्हती. बी.एड. झाल्यावर त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायला पहिलं बोलावणं मला आलं होतं. माझं लग्न ठरलेलं होतं, रोज एवढ्या लांब कोण जाणार, म्हणून मी नाही म्हटलं. पंधरा दिवसांनी शुभदा पेढे घेऊन आली. शाळेचं नाव ऐकून मी अभिनंदन केलं आणि बाकीचं पोटात ठेवलं. मला डोंबिवलीत घरापासून दहा मिनिटांवर नोकरी मिळाली. तीस वर्षं मी चालत शाळेत गेले.

आमच्या बी.एड.च्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे. त्यावर आठवड्याला एक तरी व्हिडिओ शुभदाचा असतो. मुलं गोणपाटावर बियाणं उगवून बघताहेत, मुलं गांडूळखत चाळताहेत, गावातल्या बायका मुलांकडून पानांवरचा रोग ओळखून घेताहेत. बाकीच्या हात जोडलेली चित्रं टाकतात. मी दरवेळी ‘सुंदर’ असं लिहायचे आणि फोन उलटा ठेवायचे. आमच्या शाळेतही एक हरित मंडळ आहे, मीच चालवते. गच्चीवर बावीस कुंड्या होत्या. खालच्या वर्गाचं छत गळायला लागल्यावर संस्थेने त्या जिन्याखाली आणायला लावल्या. जिन्याखाली ऊन येत नाही.

दिवाळीनंतर तिचाच फोन आला. “अगं, नुसतं सुंदर सुंदर काय लिहितेस? ये की एकदा. बंधारा घालायचाय, हात कमी पडतात.”

साठलेल्या रजा होत्या. गेले.

शुक्रवार

गाडीचा प्रवास सांगण्यासारखा काही नाही. सांगायचं तर टमटमने रेल्वेचं फाटक ओलांडल्यानंतरचं. भात कापून झालं होतं. खाचरांत नुसते खुंट उरलेले, मधे मधे पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. लांब माहुलीचे सुळके निळसर दिसत होते. वाऱ्याला पेंढ्याचा वास होता, आणि तो नाकात गेल्याबरोबर मला आमचं अंगण आठवलं. हा वास मला तिकीट काढून घ्यायला यावं लागतं आणि शुभदाला तो रोज आहे, हाही विचार त्याच वेळी आला.

टमटम गावाच्या नाक्यावर थांबते. तिथे देवळाच्या भिंतीला एक मोठा फळा आहे. त्यावर सुवाच्य अक्षरांत आजचं तापमान, कल्याणच्या बाजारातले काकडी-गवारीचे भाव, आणि खाली एक ओळ: ‘वाल पेरताना ओल पाहून पेरा. शंका असल्यास मंडळाला विचारा.’ डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई थांबून ते सगळं वाचून पुढे गेली. आमच्या शाळेच्या सूचना फलकापुढे मी इतक्या वर्षांत कुणाला थांबलेलं पाहिलेलं नाही.

“हे मंगलचं काम,” शुभदा म्हणाली. ती मला न्यायला स्कूटी घेऊन आलेली. केस पांढरे, रंग रापलेला, पायात रबरी चपला. “दहावीत आहे. मंडळाची प्रमुख. रोज शाळेआधी फळा लिहिते. एक दिवस आजारी होती तर चार जण घरी विचारायला गेले.”

मंडळात आठवी ते दहावीची चाळीसेक मुलं आहेत आणि प्रत्येकाकडे पाच घरं वाटून दिलेली आहेत. त्या घरांचं बियाणं तपासायचं, मातीचा नमुना न्यायचा, पिकाला काही झालं तर येऊन मंडळात सांगायचं. आठवीतल्या एका मुलीने मला तिची वही दाखवली. पाच घरांची नावं आणि प्रत्येकाखाली काय पेरलंय, कधी पेरलंय. एका घरापुढे तिने लिहिलं होतं: ‘आजोबा सांगत नाहीत. परत जाणे.’

दुपारी शुभदाने मला मुलांसमोर उभं केलं. “या माझ्या मैत्रीण, लताबाई. यांच्याकडून तुम्ही शिकायचं बरं का. माझ्यासारख्या पुस्तकातनं शिकलेल्या नाहीत, शेतकऱ्याच्या घरच्या आहेत.”

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. सावळी, उंच, दोन वेण्या. हीच मंगल. “बाई, तुमची शेती कुठंय?”

“होती. आता तिथे इमारत आहे. चौदा मजल्यांची.”

“मग भात कुठं लावता?”

कुणी हसलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “आता लावत नाही, विकत घेतो.” तिने मान हलवली आणि खाली बसली. ती शांतपणे बसली याचाच मला जास्त राग आला.

रात्री शुभदाच्या खोलीवर जेवण. वालाची उसळ, सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी. शेजारच्या काकूंनी केलेली भाकरी जाड होती. आमच्याकडे भाकरी पाण्याच्या हातावर फिरवत पातळ करतात, कागदासारखी. मी ते बोलून दाखवलं. एकदा नव्हे, तीनदा. शुभदा म्हणाली, “उद्या तू कर, मला शिकव.” तिला माझ्या बोलण्यातली खोच कळली नाही, किंवा कळूनही तिने सोडून दिली.

शनिवार

शनिवारी सकाळची शाळा. अकरा वाजता सगळे नाल्यावर. पावसाळ्यानंतर नाला काही आठवडे वाहतो आणि मग आटतो. तो आटायच्या आत गोणी भरून आडव्या रचायच्या, पाणी अडवायचं आणि त्यावर फेब्रुवारीपर्यंत भेंडी काढायची. सात वर्षांपूर्वी मंडळाने हे सुरू केलं तेव्हा नुसती मुलंच होती. या वेळी मी मोजत नाही बसले, पण गावातली निम्मी माणसं तरी होती. बायका घमेली घेऊन, पुरुष फावडी घेऊन. कुणीतरी गोणी शिवायला सुतळी आणि दाभण आणलेली. एका पातेल्यात सगळ्यांसाठी चहा उकळत होता. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी मीटिंग बोलावली तर सात माणसं येतात, त्यांतली दोन भांडायला.

मीही पदर खोचला. पायाला चिखल लागला आणि खरं सांगते, दोन तास मी सगळं विसरले. गोण्यांचे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, मधल्या फटीत चिकणमाती ठेचून बसवायची, हे माझ्या हातांना आपोआप आठवलं. वडिलांबरोबर मी खाडीकडच्या बांधाला हात लावलेला होता. मुलं बघायला लागली. नामाबाबा म्हणून एक म्हातारे शेतकरी आहेत, नाल्याच्या कडेचा पट्टा त्यांचाच. ते म्हणाले, “बाईंना म्हायती हाय. हात सांगतो ना.”

फार दिवसांनी मला कुणी असं म्हटलं होतं. त्याची हवा माझ्या डोक्यात गेली.

तीन वाजता वरचा थर आला. मंगलने मधल्या भागात एक थर कमी ठेवायला सांगितला आणि त्याच्या खालच्या बाजूला मुलं दगड पसरू लागली.

मी म्हटलं, “मधे खिंड कशाला ठेवतेस? एवढं पाणी फुकट जाईल. सगळं एका पातळीत घे, आणखी वीतभर पाणी अडेल.”

“बाई, जास्तीचं पाणी जायला वाट लागते ना. मधी दगडावर पडलं तर काय होत नाय.”

“आता कुठलं जास्तीचं पाणी? नोव्हेंबर संपत आला. आमचे बांध असे मधे तोडलेले मी कधी पाहिले नाहीत.”

मंगलने शुभदाकडे पाहिलं. शुभदा त्या वेळी पलीकडच्या काठावर मुलांच्या पायातले काटे काढत होती, तिला ऐकू गेलं नव्हतं. मला तिला हाक मारता आली असती. मी मारली नाही. शुभदाला न विचारता इथे एक तरी गोष्ट माझ्या शब्दाने व्हावी असं मला वाटत होतं. तेव्हा मी स्वतःला याचं दुसरंच कारण सांगितलं, पण खरं कारण हेच.

“बाई शेतकऱ्याच्या घरच्या हायत,” नामाबाबा म्हणाले. “सांगतात तं भरून टाका.”

मंगलने पसरलेल्या दगडांकडे पाहिलं. मग तिने स्वतःच गोणी उचलली आणि मधे ठेवली. शेजारी आणखी दोन. बंधारा एका रेषेत सरळ दिसू लागला. सगळ्यांनी फोटो काढले. एका फोटोत मी मधोमध आहे.

संध्याकाळी मी पातळ भाकऱ्या केल्या. शुभदाने दोन खाल्ल्या आणि खरोखर मनापासून वाखाणल्या.

रविवार

सकाळी सात वाजता खिडकीखालून कुणीतरी शुभदाला हाक मारली. आम्ही गेलो तोवर दहा-बारा माणसं जमलेली. बंधारा उभाच होता, एकही गोणी हललेली नव्हती. पण पाणी रात्रभर चढत गेलं, त्याला मधून वाट मिळाली नाही, मग त्याने कडेने वाट काढली. नामाबाबांच्या बाजूचा काठ खचला होता. त्यांचा वालाचा पट्टा, आठवड्यापूर्वी पेरलेला, कोंब वर येत होते, त्यातला एक कोपरा मातीसकट गेला होता. अडवलेलं सगळं पाणी तिथून निघून गेलेलं.

मी काठावर उभी होते आणि मला वडिलांचा बांध दिसायला लागला. त्या बांधाला उघाडी होती. लाकडी झडपेची, माझ्या कमरेएवढी. भरतीला बंद व्हायची आणि शेतात पाणी जास्त झालं की ओहोटीला ते बाहेर जायचं. लहानपणी मी त्या झडपेवर बसून पाय हलवायचे. बांध मधे उघडा नसतो असं मी आदल्या दिवशी सगळ्या गावाला सांगितलं होतं. शेतकऱ्याच्या घरची मी, आणि उघाडी विसरले होते.

नामाबाबा मातीत उकिडवे बसले होते. त्यांनी दोन कोंब उचलून पाहिले आणि बाजूला ठेवले. मी जवळ जाऊन म्हटलं, “बाबा, माझ्यामुळे झालं.”

ते म्हणाले, “मी पण हो म्हटलेलं ना.” आणि उठून फावडं आणायला घरी गेले.

मी मंगलला शोधायला निघाले. ती नाक्यावर फळ्यापाशी होती. तापमान आणि भाव लिहून झाले होते. खाली ती लिहीत होती: ‘काल घातलेल्या बंधाऱ्याचा उजवा काठ खचला. कारण: जास्तीचं पाणी जाण्यास वाट ठेवली नव्हती. दुरुस्ती आज दहा वाजता. येताना फावडं आणावं.’

मी तिच्या मागे उभी राहून ते वाचलं. “मंगल, माझं नाव लिही,” मी म्हटलं. “लताबाईंनी सांगितलं म्हणून वाट ठेवली नव्हती, असं लिही.”

तिने वळून पाहिलं. “फळ्यावर माणसांची नावं नाय लिहीत आम्ही, बाई. शुभदाबाईंनी पहिल्यापासून सांगितलंय. काय झालं, कशामुळं झालं आणि आता काय करायचं, एवढंच लिहायचं.”

“काल तुला माहीत होतं ना? मग का ऐकलंस माझं?”

ती खडूची पूड हातावरून झटकत राहिली. “तुम्ही मोठ्या. आणि सगळ्यांसमोर तुम्हाला कसं बोलणार? पण मी चुकले. शुभदाबाईंना हाक मारायला पायजे होती.”

पंधरा वर्षांच्या मुलीने माझ्या चुकीतला तिचा वाटा उचलून घेतला. अशी मुलगी घडवायला किती वर्षं लागत असतील, आणि ती वर्षं शुभदाची होती. त्या क्षणी तरी मला लाजच वाटायला हवी होती. लाज वाटली, पण तिच्या शेजारीच हेवाही होता, आदल्या दिवसापेक्षा जास्त.

दहा वाजता शनिवारी होती त्याहून थोडी कमी माणसं आली. काठ पुन्हा भरला, त्याला दगडांचा आधार दिला, मधल्या तीन गोण्या मी स्वतः काढल्या. मंडळाकडे बियाण्याचे पत्र्याचे डबे आहेत, गावातल्याच घराघरांतून दरवर्षी घेऊन ठेवलेलं बियाणं. त्यातले वाल घेऊन मी आणि नामाबाबांनी कोपरा परत पेरला. ते पुढे काठीने भोक पाडत होते, मी दोन दोन दाणे टाकत होते. कुणी मला काही बोललं नाही. चहाचा पेला मात्र पहिला मला दिला, पाहुणी म्हणून. तो घेणं फार जड गेलं.

संध्याकाळी ओट्यावर बसून मी शुभदाला सगळं सांगितलं. खिंड बुजवल्याचं तिला कळलेलंच होतं. मी त्यामागचं सांगितलं. तिला हाक का मारली नाही ते. ग्रुपवर ‘सुंदर’ लिहून फोन उलटा ठेवते तेही. आणि शेवटी, ही जागा पहिल्यांदा मला आली होती, हे.

“ते मला माहिती आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तेव्हाचे हेडसर म्हणाले, डोंबिवलीच्या एक बाई येणार होत्या, शेतकऱ्याच्या घरच्या, त्या नाही म्हणाल्या म्हणून तुम्हाला घेतलं.” ती वालाच्या शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत. “मला भाताचं रोप आणि गवत यांतला फरक कळत नव्हता, लता. पोरं हसायची. गावातलं कुणी काही विचारायला आलं आणि मला उत्तर आलं नाही की हेडसर म्हणायचे, त्या बाई आल्या असत्या तर. दोन वर्षं ऐकलं मी ते. तुझ्या घरी हळदीकुंकवाला यायचे ना, तेव्हा तुझ्या आईला शेतीबद्दल सतरा प्रश्न विचारायचे, आठवतं? तुला वाटायचं मी गप्पा मारते. मी रात्री घरी जाऊन वहीत उतरवून घ्यायचे.”

मला आठवत होतं. आई म्हणायची, तुझी ती मैत्रीण फार गोड आहे, तुझ्यापेक्षा जास्त वेळ माझ्याजवळ बसते.

“म्हणजे तू जे शिकवतेस ते माझ्या आईचं आहे,” मी म्हटलं.

“सुरुवातीचं बरंचसं. पोरांना ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याकडून शिका म्हटलं.”

हे ऐकून माझा हेवा मिटायला हवा होता. तो मिटला नाही, नुसता शुभदावरून आईकडे सरकला. आई माझ्या घरात होती, माझ्या हाताशी, आणि तिला सतरा प्रश्न दुसरीने विचारले होते. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली.

सोमवार

निघताना मी मंगलला म्हटलं, “अकरावीला डोंबिवलीला ये. माझ्याकडे राहा. मुलगा पुण्याला असतो, खोली रिकामीच आहे. कॉलेजं चांगली आहेत.” यात तिचं भलं किती आणि शुभदाकडून काहीतरी न्यायचं किती, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही होतं.

ती हसली. “नाय बाई. मला शेतकीच्या पदविकेला जायचंय, जवळ हाय तिथं. घरूनच जाणार. तुम्हीच या ना. मुलांना घेऊन या.”

“माझी मुलं शहरातली गं. त्यांना काय येतंय?”

“मंग आमच्या बाईंना काय येत होतं?”

परतल्यावर

मंगळवारी नववीच्या वर्गावर गेले. आता आमच्या शाळेत नववीची एकच तुकडी उरली आहे, अठ्ठावीस मुलं. प्रकरण ऊर्जेचं होतं, पण मी पुस्तक उघडलं नाही. बंधाऱ्याची सगळी गोष्ट सांगितली, खिंड बुजवली तिथपासून कोपरा पेरला तिथपर्यंत. माझं नाव घालून सांगितली. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “टीचर, तुम्ही सॉरी बोललात?” मी हो म्हटलं. वर्ग एवढा शांत मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

जानेवारीत एका शनिवारी त्यांतल्या बावीस जणांना घेऊन गेले. बंधाऱ्यात पाणी होतं, मधल्या खिंडीतून बोटभर धार दगडांवर पडत होती. भेंडीला फुलं आलेली. माझी मुलं पहिला अर्धा तास फोटो काढत होती, मग मंगलने त्यांना एकेक खुरपं दिलं. एक मुलगी शेणाला हात लावायला तयार नव्हती, तीच शेवटी तिथून निघेना. शुभदा सगळ्यांच्या मधे उभी होती आणि माझी बावीस मुलं तिला इतके प्रश्न विचारत होती, जितके त्यांनी मला वर्षभरात विचारले नाहीत. मी पलीकडच्या वाफ्यात नामाबाबांबरोबर वाल तोडत होते आणि पाहत होते. आत तेच टोचत होतं, ओळखीचं.

सोमवारी मधल्या सुट्टीत पाच-सहा जणांनी मला जिन्यापाशी गाठलं. कुंड्या कुणीतरी उन्हात ओढून ठेवल्या होत्या, शिपायाचा आरडाओरडा चालू होता.

“टीचर, शुभदाबाई परत कधी भेटणार?”

क्षणभर मला खोटं बोलावंसं वाटलं. बघू, परीक्षा झाल्यावर, असं काहीतरी.

“पुढच्या शनिवारी,” मी म्हटलं, आणि परवानगीचा अर्ज लिहायला स्टाफरूमकडे वळले.